सवयीची नोंद घेणारा संशोधक : डॉ. वसंत खानोलकर

तंबाखूविषयीची पाहणी ही आता सरकारी कामकाजातील परिचित गोष्ट झाली आहे. पाहणी करणारा घरी येतो, आपण ओढता की खाता, दिवसातून किती वेळा, गेल्या बारा महिन्यांत सोडण्याचा प्रयत्न केलात काय, असे विचारतो आणि उत्तरे नोंदवून पुढच्या घरी जातो. या उत्तरांचे पुढे तक्ते होतात आणि तक्त्यांच्या आधारे धोरणे आखली जातात. परंतु ज्याने सिगारेट सोडली नाही, केवळ सौम्य म्हणून विकली जाणारी सिगारेट धरली, त्याने सोडण्याचा प्रयत्न केला असे मानावयाचे की नाही? ज्याने विडी टाकली आणि तंबाखूचा बार भरावयास सुरुवात केली, त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची? वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नांवर पुष्कळांचे आयुष्य अवलंबून आहे. माणसाच्या सवयीविषयी नेमके कसे विचारावे, याचा पाठ आपल्या देशात ज्यांनी घालून दिला त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी येते. त्यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहणे आज उपयुक्त ठरेल.

खानोलकर हे आडनाव वेंगुर्ले तालुक्यातील खानोली या गावाकडे निर्देश करते. हा तालुका आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडतो. १ मे १९८१ रोजी हा जिल्हा वेगळा होईपर्यंत मालवण-वेंगुर्ल्याचा किनारा रत्नागिरी जिल्ह्याचाच दक्षिण भाग होता. डॉ. खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ मध्ये तेथेच विकृतिशास्त्रात एम.डी. ही पदवी संपादन केली. विलायतेची पदवी घेऊन परतलेल्या डॉक्टरला त्या काळी मुंबईत खाजगी व्यवसायाची वाट मोकळी होती. खानोलकरांनी मात्र अध्यापन पत्करले. प्रथम ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले.

विकृतिशास्त्रज्ञाचे काम बहुधा रुग्णाच्या नजरेआड चालते. शस्त्रवैद्याने कापून दिलेला मांसाचा लहानसा तुकडा त्याच्यापुढे येतो, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोगाचे नाव तो सांगतो आणि त्याचे कर्तव्य तेथे संपते. हा तुकडा कोणाचा, तो मनुष्य काय खातो, काय ओढतो, कोणते वस्त्र नेसतो, याची चौकशी करण्याची त्याला एरवी गरज पडत नाही. खानोलकरांना ती गरज वाटली, आणि त्यांच्या कार्याचे महत्त्व येथूनच सुरू होते.

लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ सर दोराबजी टाटा न्यासाने उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सुरू झाले आणि त्याच्या प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली. रुग्णालयाची जागा ध्यानात घेण्यासारखी आहे. भोवताली गिरणगाव पसरले होते. मालवण-वेंगुर्ल्याहून आगबोटीने मुंबईस येऊन गिरणीत लागलेला चाकरमानी, घाटावरून आलेला कामगार, उत्तरेकडील हमाल, गुजराती व्यापारी, असे नाना सवयींचे लोक थोड्याशा अंतरात राहत होते. अन्न वेगळे, पेहराव वेगळा आणि तंबाखू घेण्याची रीतही वेगळी. संशोधकाच्या दृष्टीने हा एक आयता तुलनेचा पट होता. तो वाचणारा मात्र हवा होता.

कर्करोग हा प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांचा रोग असून हिंदुस्थानात तो विरळा आढळतो, असा समज त्या काळी प्रचलित होता. खानोलकरांनी या समजाला वादाने उत्तर न देता मोजणीने दिले. १९४४ मध्ये मुंबईतील मुखकर्करोगाविषयीचा त्यांचा लेख अमेरिकेतील कर्करोग-संशोधनाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी ओळीने आलेल्या एक हजार रुग्णांचा आढावा घेतला होता. ओळीने या शब्दाला येथे अर्थ आहे. जे रुग्ण आपल्या तर्काला अनुकूल तेवढेच निवडावयाचे, हा मोह त्यामुळे टळतो.

या मोजणीतून आणि पुढील वर्षांत सहकाऱ्यांसह केलेल्या कामातून जे चित्र उभे राहिले त्यात रोगाचे स्थान बोलके ठरले. पान-तंबाखू चघळणाऱ्यांत रोग गालाच्या आतल्या बाजूस, म्हणजे जेथे तो विडा धरला जातो तेथे, अधिक दिसे. विडी ओढणाऱ्यांत तो जिभेच्या मुळाशी व घशाकडे झुकलेला आढळे. दोन्ही रुग्ण तंबाखूचेच. तथापि नुसते तंबाखू घेता काय असे विचारून भागले असते तर हा भेद कधीच हाती लागला नसता.

१९४५ मध्ये खानोलकर आणि त्यांच्या सहकारी बी. सूर्याबाई यांनी लोकांच्या चालीरीतींशी जोडलेल्या कर्करोगाच्या तीन नव्या प्रकारांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील एक खैनीचा. चुना घालून मळलेली तंबाखू खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधील खाचेत धरून ठेवण्याची उत्तर हिंदुस्थानातील सवय आणि नेमक्या त्याच जागी होणारा रोग यांची सांगड त्यांनी घातली. दुसरा प्रकार धोतराचा. वर्षानुवर्षे कमरेला घट्ट आवळून नेसलेल्या धोतराच्या काचण्याने कातडीवर होणाऱ्या या रोगाचा तंबाखूशी काही संबंध नव्हता. परंतु दोन्हींमागची दृष्टी एकच होती. रोगाचे कारण माणसाच्या रोजच्या वर्तनात शोधावयाचे आणि त्या वर्तनाला लोक ज्या नावाने ओळखतात तेच नाव शास्त्राच्या कागदावर लिहावयाचे, ही ती दृष्टी.

येथे एक आक्षेप साहजिकच उद्भवतो. रुग्णांत तंबाखू खाणारे पुष्कळ निघाले, यावरून तंबाखूच दोषी कशी ठरते? गिरणगावात निरोगी माणसेही तंबाखू खातच होती. हा आक्षेप रास्त होता, आणि त्याचे उत्तर रुग्णांबाहेरच्या माणसाला तोच प्रश्न विचारूनच देता येणार होते. एल. डी. संघवी आणि के. सी. राव यांच्यासह खानोलकरांनी केलेले जे संशोधन १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले, त्यात ही तुलना आहे. तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचे रुग्ण आणि तो रोग नसलेली माणसे यांच्या ओढण्याच्या व चघळण्याच्या सवयी त्यात शेजारी शेजारी मांडल्या गेल्या. केवळ चघळणारे, केवळ ओढणारे, दोन्ही करणारे आणि यांपैकी काहीच न करणारे अशी वर्गवारी केल्यामुळे प्रत्येक सवयीचा भार स्वतंत्रपणे तोलता आला. दोन्ही सवयी असलेल्यांचा वर्ग वेगळा ठेवला नसता, तर एका सवयीचे पाप दुसरीच्या माथी गेले असते.

त्याच सुमारास जगात अन्यत्रही हीच पद्धत आकार घेत होती. १९५० मध्ये अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहॅम यांनी, तर लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांची तुलना इतरांशी करून सिगारेटकडे बोट दाखवले. १९५१ मध्ये डॉल आणि हिल यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांना प्रश्नावली पाठवली. चाळीस हजारांहून अधिक डॉक्टरांनी ती भरून दिली आणि पुढे अर्धशतकभर त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेण्यात आला. रोनाल्ड फिशर यांच्यासारख्या श्रेष्ठ संख्याशास्त्रज्ञाने या निष्कर्षांना विरोध केला. धूम्रपानाची ओढ आणि कर्करोगाची प्रवृत्ती या दोहोंच्या मुळाशी आनुवंशिकतेचे एकच कारण असू शकेल, असा त्यांचा तर्क होता. ही शंका तर्कशुद्ध असली तरी ती टिकली नाही, आणि ती न टिकण्यात सिगारेट सोडणाऱ्यांचा मोठा वाटा होता. माणसाची आनुवंशिकता बदलत नाही. मग सिगारेट सोडल्यावर त्याचा धोका का उतरावा? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पन्नास वर्षांच्या निष्कर्षानुसार साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यास सुमारे तीन, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी दहा वर्षांचे आयुष्य परत मिळते.

खानोलकरांचे कार्य तंबाखूपुरते सीमित नव्हते. १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि त्याचे संचालकपद त्यांच्याकडे आले. पुढे १९६६ मध्ये हे केंद्र आणि टाटा रुग्णालय मिळून टाटा स्मारक केंद्र झाले. कमल रणदिवे आणि सत्यवती सिरसाट या दोन विदुषी त्यांच्या हाताखाली तयार झाल्या. स्त्रीला संशोधनशाळेत जागा मिळणे दुरापास्त होते अशा काळात त्यांनी या जागा मोकळ्या केल्या, हे त्यांच्या विद्यादानाचे लहान फळ नव्हे. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंत कसे शिरतात याचा त्यांनी अभ्यास केला. मुंबईतील सहा जातिसमूहांतील रक्तगट आदी आनुवंशिक लक्षणांची नोंद संघवींसह १९४९ मध्ये प्रसिद्ध केली. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषण आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हे सन्मान त्यांना लाभले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच प्रश्न रुग्णालयाच्या भिंतीबाहेर पडला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतविज्ञान विभागाने डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन तोंडाची तपासणी केली. पुणे जिल्ह्यात तपासलेल्या ग्रामस्थांची संख्या १,०१,७६१ इतकी होती. १९७७ पासून एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांतील सुमारे ३६,००० तंबाखू घेणाऱ्यांना ती सोडण्याविषयी समजावून सांगण्याचा आणि दरवर्षी पुन्हा भेटून चौकशी करण्याचा उपक्रम सुरू झाला. समजूत घातलेल्यांत सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि तोंडात उठणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण घटले. येथपर्यंत घेता काय हा प्रश्न मुख्य होता. आता सोडलीत काय हा प्रश्न त्याच्या बरोबरीला आला.

या दुसऱ्या प्रश्नाला बगल देण्याचा मार्ग सिगारेटच्या धंद्याने शोधून काढला होता. १९५० नंतर गाळणी लावलेली, आणि पुढील दोन दशकांत कमी डांबराची, सौम्य म्हणविणारी सिगारेट पाश्चात्त्य बाजारात आली. तिचे डांबर मोजण्याचे काम यंत्र करी. अमेरिकेत १९६७ पासून रूढ झालेल्या पद्धतीत हे यंत्र मिनिटाला एकदा, दोन सेकंदांचा, ३५ घनसेंटिमीटरचा झुरका घेई. सौम्य सिगारेटच्या गाळणीभोवती बारीक छिद्रे असत, त्यांतून हवा शिरून धूर पातळ होई आणि यंत्राला डांबर कमी सापडे. माणूस मात्र यंत्राप्रमाणे ओढीत नाही. त्याच्या शरीराला ठरावीक निकोटीन हवे असते. ते मिळेपर्यंत तो झुरका लांबवतो, वारंवार घेतो, आणि ती छिद्रे त्याच्या बोटांनी वा ओठांनी नकळत झाकली जातात. २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने सर्व पुरावा तपासून या सिगारेटींनी लोकांच्या आरोग्याचा लाभ झाल्याचे दिसत नाही, असा निर्वाळा दिला. २००६ मध्ये तेथील न्यायालयाने, कंपन्यांना हे ठाऊक असूनही त्यांनी ग्राहकांची दिशाभूल केली, असा निर्णय दिला.

दरम्यान पाहण्यांतून एक विपरीत गोष्ट पुढे आली. पुष्कळांनी सौम्य सिगारेट धरली होती ती सोडण्याची पहिली पायरी म्हणून. परंतु प्रकृतीच्या काळजीने असे करणाऱ्यांत अखेर सोडून दिलेल्यांचे प्रमाण इतरांपेक्षा कमी असल्याचे अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीच्या २००६ मधील विश्लेषणात आढळले. ज्यांना सोडणे आधीच कठीण जात होते तेच या पायरीवर थांबले, असाही याचा अर्थ लावता येईल. एका वेळच्या पाहणीवरून कारण आणि परिणाम यांचा निवाडा पुरता होत नाही. तथापि बदल म्हणजे सोडण्याचा प्रयत्न, असे समीकरण मांडता येत नाही एवढे तरी त्यातून निश्चित होते.

आपल्याकडे सौम्य सिगारेटची जागा फार पूर्वीपासून विडीने घेतलेली आहे. विडीत तंबाखू सिगारेटच्या साधारणतः एक-चतुर्थांशच असते, म्हणून ती हलकी, असा समज खेड्यांत आणि शहरांतही आढळतो. वस्तुतः टेंभुर्णीच्या पानातून हवा शिरत नाही, विडी विझू नये म्हणून ती सारखी ओढावी लागते आणि धूर खोलवर जातो. १९९१ ते १९९७ या काळात मुंबईतील मतदारयाद्यांवरून ३५ वर्षांवरील १,४८,१७३ जणांची नोंद करून त्यांचा मागोवा घेण्यात आला. त्या अभ्यासात विडी ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा कमी नव्हे, अधिक निघाला. येथे अर्थशास्त्राचाही संबंध येतो. भारतात सिगारेटवरील कर दीर्घकाळ तिच्या लांबीनुसार बसवला गेला आणि विडीवरील कर अल्प राहिला. कर वाढला की ग्राहक सिगारेट सोडतो, आखूड सिगारेट घेतो, की विडीकडे वळतो, हे न विचारता केवळ सिगारेटचा घटलेला खप दाखवणे म्हणजे अर्धाच हिशेब मांडणे होय.

२०१६-१७ च्या दुसऱ्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत भारतातील ७४,०३७ प्रौढांना प्रश्न विचारले गेले. ओढणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोक सोडण्याच्या विचारात होते. आधीच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष प्रयत्न केलेले ३८.५ टक्के होते. इच्छा, प्रयत्न आणि यश या तीन भिन्न अवस्था आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे. त्याच पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के आढळले. म्हणजे आपल्या राज्यात धूम्रपान सोडले या उत्तरात समाधान मानण्यासारखे फार थोडे आहे. विडी सुटली आणि मशेरी लागली, गुटखा २०१२ मध्ये बंद झाला आणि सुटी तंबाखू व सुपारी एकत्र करून खाल्ली जाऊ लागली, तर तक्त्यात सुधारणा दिसेल आणि खानोलकरांच्या रुग्णांतील गालाचा तो रोग मात्र जागच्या जागी राहील.

म्हणून सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात पाहणी करावयाची तर ती खानोलकरांच्या शिस्तीने झाली पाहिजे. विडी, सिगारेट, पानातील तंबाखू, मशेरी, तपकीर यांची चौकशी एकेका नावाने व्हावी. मशेरीने दात घासणारी स्त्री स्वतःला तंबाखू घेणारी समजत नाही; तिला तंबाखू घेता काय असे विचारले तर ती प्रामाणिकपणेच नाही म्हणेल. तिची चौकशी स्त्रीनेच आणि घरातील वडीलधाऱ्यांपासून बाजूस घेऊन केली तर उत्तर अधिक विश्वसनीय येईल. पूर्णपणे सोडण्याचा प्रयत्न, संख्या कमी करणे आणि एका प्रकारावरून दुसऱ्यावर जाणे यांसाठी तीन स्वतंत्र रकाने असावेत. प्रयत्न किती दिवस टिकला हेही विचारावे. कारण दोन दिवसांत फसलेले प्रयत्न माणूस विसरतो आणि सोडणे किती कठीण आहे याचा अंदाज चुकतो. ज्यांनी सोडली त्यांनाही गाठावे, आणि कर्करोग नसलेल्या शेजाऱ्यालाही तेच प्रश्न तशाच शब्दांत विचारावेत.

हे काम महागड्या उपकरणांचे नाही. मालवण, कुडाळ, वेंगुर्ले येथील महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थी, प्राथमिक शिक्षक आणि आरोग्य केंद्रांतील कर्मचारी यांना थोडे प्रशिक्षण दिले तर ते एका हंगामात एक तालुका पुरा करू शकतील. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने त्यासाठी पुढाकार घ्यावा आणि गोळा झालेले आकडे कपाटात न ठेवता गावोगावच्या शाळांत व ग्रामपंचायतींत लावावेत. सौम्य म्हणून घेतलेली सिगारेट, हलकी म्हणून ओढलेली विडी आणि निरुपद्रवी म्हणून लावलेली मशेरी यांची गणना सोडणाऱ्यांत होता कामा नये, एवढे पथ्य त्या पाहणीने पाळले तरी पुष्कळांना आपण नेमके कोठे उभे आहोत हे वेळीच कळेल. चाळिशीत कळले तर नऊ वर्षांचे आयुष्य परत मिळण्याची आशा असते. साठीपर्यंत थांबल्यास त्यातील तीनच हाती उरतात.